वन्सं आमेन म्हणायच्या

चादरीची घडी एकटीला घालता येत नाही असं नाही. येते; पण कोपरे जुळत नाहीत आणि दवाखान्याची मेट्रन लगेच नाक मुरडते. म्हणून आमच्या लाँड्रीत मी आणि वन्सं समोरासमोर उभ्या राहायचो. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. एक झटका द्यायचा, ताणायचं, दुमडायचं, मग मी चालत त्यांच्याकडे जायचे आणि माझी टोकं त्यांच्या हातात द्यायचे. टोकं देताना मी म्हणायचे, "प्रभू, माझ्या लेकरावर दया कर, त्याला घरी परत आण." वन्सं म्हणायच्या, "आमेन."

हे प्रत्येक चादरीला. दवाखान्याच्या चादरी रोज किती येतात ते मोजत बसायला मला वेळ नव्हता, पण देवाच्या कानाला त्या वाक्याचे घट्टे पडले असतील. वन्संचं आमेन मात्र नेहमी घाईत यायचं, माझं वाक्य संपायच्या आत. मी म्हणायचे, "वन्सं, देवाला पूर्ण ऐकू तर द्या!" त्या हसायच्या आणि पुढची चादर उचलायच्या. मला वाटायचं, कामाची घाई. बाई कामाला वाघ आहे, तिला दम कुठला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तरुणपणीच एकटी पडली आणि भावाकडे आली. पुढे भाऊ गेला, लाँड्री माझ्या गळ्यात पडली, तेव्हा जी माझ्या शेजारी उभी राहिली ती आजतागायत. सख्खी बहीण करणार नाही एवढं तिने माझं केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल बरं बोलेन याची खात्री नाही.

आमच्या पाळकांना आमच्या प्रार्थनेचं भारी कौतुक. "चिकाटी काय असते ते बघायचं असेल तर लाँड्रीत जा," असं त्यांनी एकदा भर उपासनेत सांगितलं. लोक आलेही. काही जण प्रार्थना बघायला यायचे आणि जाताना कोट धुवायला टाकून जायचे. मी कोणाला नाही म्हटलं नाही. मंडळीत मला मान होता. दुःखी आईला असतो तसा मान. तो ज्याला मिळतो त्याला जरा गोडही लागतो.

मुलगा दारूपायी घर सोडून गेला, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. ते खोटं नव्हतं. तो वीजजोडणीचं काम करायचा, चांगलं करायचा, आणि मग प्यायला लागला. एक दिवस पाठीवर पिशवी टाकून निघून गेला. फोन बंद. मी पोलीस चौकीत गेले, त्याच्या मित्रांच्या दारात उभी राहिले, अनोळखी दारुड्यांची तोंडं वळवून वळवून पाहिली. ज्याचं जळतं त्याला कळतं. वन्संनी तेव्हा मला जेवू घातलं, माझ्या वाटच्या इस्त्र्या केल्या आणि सांगितलं, "तो आहे कुठेतरी. ठीक असेल." मला वाटलं, काय विश्वास आहे या बाईचा!

विश्वास कसला आलाय. माहिती होती.

ते मला कळलं वन्संच्या दाढेमुळे. दाढ काढायला त्या दुपारच्या दंतवैद्याकडे गेल्या आणि त्यांच्या टेबलाखाली त्यांची निळी पिशवी राहिली. ही पिशवी दर आठवड्याला असायची. "जुन्या शेजारणीचे कपडे, बिचारी अंथरुणाला खिळली आहे," असं त्या म्हणायच्या, आणि स्वतःच धुवायच्या, स्वतःच पोचवायच्या. मी कधी हात लावला नाही. त्या दिवशी मनात आलं, बाईचं तोंड सुजून येईल, तेवढीच मदत. मी पिशवी टेबलावर उपडी केली.

वर पुरुषाचा शर्ट होता. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीकडे पुरुषाचा शर्ट कुठून, एवढा विचार मनात येतोय तोवर माझी बोटं डाव्या मनगटपट्टीवर गेली. ती चावलेली होती. माझा मुलगा लहानपणापासून विचार करताना डावी बाही चावतो. शाळेच्या प्रत्येक शर्टाला मी तिथे आतून दुहेरी पट्टी लावून द्यायचे, नाहीतर महिन्यात भोक. या शर्टालाही आतून दुहेरी पट्टी होती. टाके माझे नव्हते. बारीक, तिरपे, ओढून घातलेले. असे टाके एकच बाई घालते.

पहिला क्षण निव्वळ आनंदाचा होता. जिवंत आहे! मी शर्टात तोंड खुपसलं. लाँड्रीत आयुष्य गेलेल्या बाईला कपडा वासावरून वाचता येतो. दारूचा वास घामात उतरतो, किती धुतलं तरी काखेत राहतो. इथे तो नव्हता. तारा जोडायच्या सोल्डरचा होता, साबणाचा होता, आणि खांद्यावर आंबट दुधाचा. मी पिशवीतलं बाकीचं पाहिलं. बाईचे दोन झगे. आणि इवलेसे फ्रॉक, लंगोट, कानटोपी.

मग आनंद ओसरला आणि पायाखालची जमीन सरकली. माझा मुलगा दर आठवड्याला माझ्या लाँड्रीत येत होता, माझ्याच मशीनमध्ये फिरत होता, आणि मी त्याच्या डोक्यावर उभी राहून देवाला विचारत होते की तो कुठे आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि कळसा लपवणारी माझ्या समोर उभी राहून आमेन म्हणत होती.

वन्सं परत आल्या तेव्हा गालात कापूस होता आणि अर्धं तोंड बधिर होतं. टेबलावर मी सगळे कपडे ओळीने मांडून ठेवले होते. त्यांनी पाहिलं, पर्स खुंटीला लावली आणि स्टुलावर बसल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो घेला त्याच्या दुसऱ्या बहिन्यापासून," त्या म्हणाल्या. 'गेला'चं 'घेला' आणि 'महिन्या'चं 'बहिन्या' झालं होतं. दुसऱ्या कुठल्या वेळी मी पोट धरून हसले असते.

"आणि माझ्यासमोर उभं राहून रोज प्रार्थना करत होतात?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

त्यांनी कापूस काढून रुमालात गुंडाळला, तोंड पुसलं आणि शब्द एकेक करून, जपून बोलल्या. "तू 'दया कर' म्हणायचीस, त्याला मी आमेन म्हणायचे. 'परत आण'च्या वेळी मी गप्प असायचे. तुझं लक्ष नसायचं."

बघा! त्या घाईचा हा हिशेब होता. देवासमोर खोटं बोलायचं नाही म्हणून बाई अर्ध्या वाक्यावर आमेन म्हणत होती. देवाशी इमान राखलं आणि माझा केसाने गळा कापला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अगं-तुगं केलं.

"तू माझं अन्न खाल्लंस," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याने तुला सांभाळलं. आणि तू माझं पोर माझ्यापासून लपवलंस?"

"त्याने शपथ घातली होती."

"आणि मी रडत होते ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. दर वेळी त्याला सांगत होते. म्हणत होते, एकदा तरी आईला भेट. तो एकच म्हणतो." वन्सं थांबल्या. तोंड बधिर म्हणून थांबल्या की काय, कळेना. "म्हणतो, आईला काही सांगितलं की ते देवाच्या आधी मंडळीला कळतं."

आता हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून सांगते. जायच्या आधी काही दिवस तो स्वयंपाकघरात माझ्याशेजारी जमिनीवर बसला होता. म्हणाला, आई, मी प्यायला लागलोय, कामावरून काढलंय, मला यातून सुटायचंय. कोणाला बोलू नकोस, मी सोडतो. रडला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आणि बुधवारच्या प्रार्थना सभेत उभी राहिले, त्याचं नाव घेतलं, आणि सगळं सांगून प्रार्थना मागितली. चुगली नव्हती ती. प्रार्थना-विनंती होती. या दोन्हींत फरक आहे हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. सगळ्यांनी हात उंचावून त्याच्यासाठी देवाचा धावा केला. मला किती हलकं वाटलं! पण ज्या मुलीशी त्याचं ठरलं होतं तिचा मामा तिसऱ्या बाकावर बसला होता. रविवारपर्यंत लग्न मोडलं. त्याच्या पुढच्या रविवारी पाळक त्याला घेऊन कोपऱ्यात बसले, चार वडीलधारी मंडळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि तो मान खाली घालून बाही चावत होता. त्या रात्रीच गेला.

"मी त्याच्या भल्यासाठीच केलं," मी वन्संना म्हटलं.

"त्याला ते माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. माहीत आहे, तरी येत नाही."

"पत्ता द्या." राग होताच, पण पुन्हा 'तुम्ही'वर आले; गरज माझी होती.

"नाही देणार."

"बरं, एवढं तरी सांगा. नातू आहे की नात?"

"फ्रॉक बघितलेस ना."

"लहानपणी मुलांनाही फ्रॉक घालतात!"

वन्संनी डोळे मिटले. "मुलगी आहे. नाव विचारू नकोस. त्याने ज्या मुलीशी लग्न केलं ती चांगली आहे. तो पीत नाही. याहून जास्त मला सांगायचं नाही, आणि हेही मी सांगायला नको होतं."

मला नात होती, आणि तिच्या लंगोटाची घडी घालायचीही मला परवानगी नव्हती. वन्संनी माझ्यासमोर ते कपडे गोळा केले, मशीनमध्ये टाकले आणि स्टुलावर बसून राहिल्या, गाल धरून.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एका छताखाली राहून अबोला धरणं हे काम सोपं नाही. मीठ मागायचं तरी पंचाईत. चादरीची दोन टोकं मी खिळ्यांना अडकवून एकटीच घड्या घालू लागले. कोपरे जुळेनात. मेट्रनने चिठ्ठी पाठवली, ती मी चुलीत घातली. आणि प्रार्थना? ती तर बसलीच. 'लेकरावर दया कर' म्हणायला तोंड उघडलं की वाटायचं, केली की देवाने दया! दारू सुटली, संसार झाला, लेकरू झालं. सगळं दिलं, फक्त मला वगळून दिलं. मी रोज दार ठोठावत होते आणि आत मेजवानी चालली होती. देवा, तुला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू पण वन्संचाच निघालास. असं मी त्याला स्पष्ट बोलले, मशीनच्या आवाजात, मोठ्याने.

एक गोष्ट मात्र मी मनाशी पक्की केली. बुधवारी सभेत सगळ्यांसमोर सांगायचं. या बाईने काय केलं ते चव्हाट्यावर मांडायचं. ज्यांनी एवढी वर्षं माझ्यासाठी गुडघे टेकले त्यांचीही फसवणूकच झाली होती, त्यांना कळायलाच हवं. आणि मंडळी काही कमी नव्हे. पत्ता शोधून काढायला तिला संध्याकाळसुद्धा लागली नसती. तेही माझ्या मनात होतं.

बुधवारी मी लवकर गेले. वन्सं मागाहून आल्या आणि नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी बसल्या. बसायला नको होतं, पण बसल्या. मी काय करणार आहे हे त्यांना ठाऊक असावं, कारण त्यांनी गीतांचं पुस्तक उघडलंच नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिल्या.

गाणी झाली. पाळकांच्या पत्नी, आमच्या पाळकबाई, पुढे आल्या आणि दर बुधवारी करतात तसं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आपल्या बहिणीचा मुलगा अजून हरवलेलाच आहे. बहीण, काही नवीन कळलं का?"

मी उभी राहिले. म्हणाले, "कळलं."

आणि सगळ्यांनी माना पुढे केल्या.

एवढंच झालं. कोणी वाईट नव्हतं त्यात. कोपऱ्यातली शिक्षिका, दोघे निवृत्त भाऊ, तिसऱ्या बाकावरचा तो मामा. सगळे ओळखीचे, माझ्या सुखदुःखात धावून येणारे. पण प्रार्थनेसाठी माणूस मान खाली घालतो. हे मान पुढे करत होते. कान दिसत होते मला, एकेकाचे कान. त्या दिवशीही हे असेच पुढे झुकले होते आणि मला वाटलं होतं, केवढी माया! माझं पोर तेव्हा घरी बसून माझी वाट बघत होतं, आणि इथे मी त्याला वाटून टाकत होते, एकेकाला थोडं थोडं.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही. विनवणी केली नाही. केली असती तर मी बोलले असते, माझा स्वभाव मला माहीत आहे.

"मला..." मी म्हटलं. "माझ्यावर दया व्हावी म्हणून प्रार्थना करा."

"तुमच्यावर?" पाळकबाई म्हणाल्या. "कशाबद्दल, बहीण? काय कळलं? नेमकं सांगितलं तर प्रार्थनेला जोर येतो."

खरं सांगते, जीभ दातांपर्यंत आली होती. एक वाक्य पुरलं असतं. रात्रीपर्यंत नातीचं नाव माझ्या हातात असतं.

"देवाला माहीत आहे," मी म्हटलं आणि खाली बसले.

जरा कुजबुज झाली. मामाने घसा खाकरला. पाळकबाईंना काहीतरी धरायला हवं होतं, म्हणून त्यांनी माझे गुडघे धरले. "प्रभू, आमच्या बहिणीच्या सांध्यांना आराम दे, उभं राहून राहून ते झिजले आहेत," अशी त्यांनी लांबलचक प्रार्थना केली. मी मान खाली घालून रडत होते. लोकांना वाटलं, गुडघे फारच दुखत असणार. माझा सगळा मान त्या गुडघ्यांबरोबर गेला. चिकाटीच्या आईची दुखऱ्या सांध्यांची म्हातारी झाली. मला चांगलंच झोंबलं ते.

बाहेर पडल्यावर वन्सं माझ्या बरोबरीने चालू लागल्या. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्या आपणहून बोलल्या.

"त्याला सांगू का? आज तू काही बोलली नाहीस ते?"

सांगा, असं ओरडावंसं वाटलं. आज जा, आत्ता जा, माझं गप्प बसणं त्याच्या दारात नेऊन ठेवा. दुसरं मला त्याला द्यायला होतं काय?

"नको," मी म्हणाले. "त्याला कळावं म्हणून गप्प बसले असेन तर ते पुन्हा सांगणंच झालं. राहू द्या. नका सांगू."

"बरं," वन्सं म्हणाल्या.

ते 'बरं' ऐकलं आणि चार पावलांनी मी काय करून बसले ते माझ्या लक्षात आलं. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, वेडी आहे झालं, आणि उद्या हळूच जाऊन सांगून आली असती. पण ही बाई तशी नाही. हिला सांगू नको म्हटलं की ही मरेपर्यंत सांगत नाही. माझ्या अश्रूंनी जिचं तोंड उघडलं नाही ती माझ्या मुलासमोर तरी कशाला उघडेल? त्याने घातलेली शपथ जशी पाळली तशीच आता माझीही पाळणार. त्याला कधीही कळणार नाही की त्याची आई एकदा गप्प बसली होती.

शब्द मागे घ्यायला वेळ होता. वन्सं शेजारीच होत्या, हळू चालत होत्या, बहुधा मला तेवढा वेळ देत होत्या. मी घेतला नाही. त्यांच्यावरचा राग गेला म्हणून नव्हे. राग आहे, अजून आहे. ज्या हातांनी माझ्या नातीचे फ्रॉक पिळले ते हात मला अजून बघवत नाहीत.

प्रभू, माझ्यावर दया कर, मी मनात म्हटलं. आता हे त्याच्यापर्यंत न्यायला तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. आणि तू तर वन्संच्याही वरताण, आजवर माझ्यापाशी एक शब्द फोडला नाहीस. तरी मी देवालाच सांगत राहिले, घर येईपर्यंत, आणि घर आल्यावरही.